बॉयलर कुठंय? बंद वीजकेंद्रांच्या मागे सहा दिवस

बाबा अठ्ठावीस वर्षं थर्मल पॉवर स्टेशनात बॉयलर ऑपरेटर होते. टर्बाइनवर नाही, कंट्रोल रूमला नाही, बॉयलरवर. बॉयलर म्हणजे पाण्याची वाफ करणारी भट्टी, त्या वाफेवर टर्बाइन फिरतं आणि वीज होते. हा फरक आमच्या घरात फार महत्त्वाचा आहे. त्यामुळे मी जेव्हा सांगितलं की यंदाच्या सुट्टीत लंडन आणि रोममधली बंद पडलेली वीजकेंद्रं बघायला चाललेय तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "बॉयलर ठेवलेत का त्यांनी?" मला माहीत नव्हतं. म्हटलं रोज रात्री फोन करून सांगते.

एक आधीच सांगते. कुंपणावरून उड्या मारून आत जाणाऱ्यांतली मी नाही. लंडनमध्ये मावसभाऊ राहतो, त्याला मी दादा म्हणते, तो कॉलेजात असताना दोनचार बंद कारखान्यांत असा शिरलाय आणि त्याचं म्हणणं की इंग्लंडमध्ये नुसतं दुसऱ्याच्या जागेत शिरणं हा बहुतेक वेळा फौजदारी गुन्हा धरत नाहीत, दिवाणी मामला असतो. असेल. पण बंद प्लँटबद्दल बाबांनी लहानपणापासून जे सांगितलंय ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. जुन्या पाइपांवरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता राखायचं वेष्टण, ॲस्बेस्टॉसचं असतं, ते एकदा सुटून उडायला लागलं की दिसतही नाही आणि फुफ्फुसात जाऊन बसतं. चालायच्या ग्रेटिंग्ज भंगारवाले आधी काढून नेतात, केबल ट्रेंचची झाकणं पण, मग अंधारात एक पाऊल टाकलं की सरळ खालच्या मजल्यावर. चालू प्लँटपेक्षा बंद प्लँट वाईट, कारण तिथं काय सुटलंय, काय लोंबतंय हे बघणारं कोणी नसतं. म्हणून मी फक्त जिथं दारातून आत सोडतात तिथंच गेले, बाकीचं बाहेरून.

दिवस पहिला, शुक्रवार : बँकसाइड

आज हे टेट मॉडर्न नावाचं कलादालन आहे आणि आत जायला तिकीट नाही. आम्ही सेंट पॉल्स कथीड्रलच्या बाजूनं पायी पुलावरून आलो, समोर विटांचा एक प्रचंड ठोकळा आणि बरोब्बर मध्ये एकच चौकोनी चिमणी, ९९ मीटरची. मुद्दाम सेंट पॉल्सच्या घुमटापेक्षा बुटकी ठेवलेली. आर्किटेक्ट सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट, म्हणजे इंग्लंडमधली लाल टेलिफोन बूथ ज्यानं डिझाइन केली तोच माणूस.

हे केंद्र कोळशाचं नव्हतंच, तेलावर चालायचं. १९४७ ते १९६३ असं दोन टप्प्यांत बांधलं, मग ७३ साली तेलाचे भाव भडकले आणि तेलावर वीज काढणं परवडेना, १९८१ ला बंद. म्हणजे दुसरा टप्पा पुरा झाल्यावर जेमतेम अठरा वर्षं. इतकी मोठी वास्तू आणि इतकं कमी आयुष्य हे मला आत उभं राहून पचतच नव्हतं.

टर्बाइन हॉल. पश्चिमेच्या दारातून उतारावरून खाली जायचं आणि मग १५५ मीटर लांब, ३५ मीटर उंच अशी रिकामी जागा समोर येते. काही म्हणजे काही नाही आत. वर छताजवळ ओव्हरहेड क्रेन अजून आहे, पूर्वी टर्बाइनचं झाकण उचलायला वापरत असणार. लहान मुलं फरशीवर लोळत होती, मी खांबाला टेकून बसले आणि आवाज ऐकत राहिले. बाबांच्या प्लँटला मी एकदाच गेले होते, आठवीत असताना, आणि तिथं आवाज कानानं ऐकूच येत नाही, तो पायातून वर येतो, दात हलतात. इथं आता नुसती पावलं आणि कुजबुज.

२००० साली हे टेट म्हणून उघडलं, हर्झोग आणि द म्युरॉन या स्विस आर्किटेक्ट जोडीनं बदल केले आणि मला त्यांचं एक फार आवडलं की त्यांनी इमारतीचे तीन पट्टे तसेच ठेवलेत. नदीकडे बॉयलर हाउस, मध्ये टर्बाइन हॉल, मागे वीज बाहेर पाठवायचं स्विच हाउस. स्विच हाउसमधलं सबस्टेशन तर कलादालन उघडल्यावरही चालूच राहिलं होतं. जमिनीखाली तेलाच्या तीन गोल टाक्या आहेत, त्या २०१२ ला लोकांसाठी उघडल्या, काँक्रीटच्या भिंती तशाच उघड्या ठेवल्यात आणि आत उभं राहिलं की आपलाच श्वास गोल फिरून परत येतो.

आणि बॉयलर हाउस? तिथं चित्रांची दालनं. पांढऱ्या भिंती, लाकडी फरशी, सरकते जिने. मी सगळे मजले हिंडले, एक पाइप नाही, एक बोल्ट नाही.

रात्री फोन. "बॉयलर दिसला का?" नाही म्हटलं, तिथं चित्रं लावलीत. ते म्हणाले, "बरं. टर्बाइन?" टर्बाइनपण नाही, पण हॉल आहे. "हॉल असणारच," ते म्हणाले, "हॉल सगळ्यांना आवडतो."

दिवस दुसरा, शनिवार : बॅटरसी

ज्यासाठी आले होते ते हे. चार पांढऱ्या चिमण्या. मेट्रोनं आलो, या केंद्राच्याच नावाचं स्टेशन २०२१ ला सुरू झालंय.

थोडा इतिहास सांगायलाच हवा कारण त्याशिवाय समोर काय दिसतंय ते कळत नाही. बॅटरसी म्हणजे एक नाही, शेजारी शेजारी जुळी दोन केंद्रं आहेत. पश्चिमेचं ए स्टेशन १९२९ ला सुरू करून १९३५ पर्यंत बांधलं, त्याच्या तेव्हाच्या फोटोत फक्त दोन चिमण्या दिसतात. पूर्वेचं बी स्टेशन मधल्या युद्धामुळे रखडत १९५५ ला पूर्ण झालं तेव्हा चौथी चिमणी आली. बाहेरून स्कॉटच, तेच ते लाल बूथवाले, पण इंजिनिअर लेनर्ड पिअर्स, आणि माझ्या मते नाव त्यांचं आधी घ्यायला पाहिजे. साठ लाखांच्या आसपास विटा. दोन्ही मिळून क्षमता ५०० मेगावॉटच्या पुढे, लंडनची साधारण पाचवा हिस्सा वीज इथून जायची. वर्षाला दहा लाख टनांच्या घरात कोळसा लागायचा आणि तो वेल्समधून, ईशान्य इंग्लंडमधून बोटींनी समुद्रमार्गे थेम्समध्ये यायचा. या बोटी मुद्दाम बुटक्या बांधलेल्या, लंडनच्या पुलांखालून जाता यावं म्हणून. धक्का आणि त्यावरच्या दोन क्रेन अजून नदीकाठी उभ्या आहेत. मी पहिल्यांदा त्यांच्यापाशीच गेले, चिमण्यांचे फोटो नंतर.

नदीकाठ का, तर वाफ टर्बाइनमधून बाहेर पडली की तिचं परत पाणी करायला लागतं आणि त्यासाठी कंडेन्सरला गार पाणी लागतं, प्रचंड. पण इथं थेम्सचं पाणी आणखी एका कामाला वापरायचे. शहराच्या मध्यात एवढं मोठं कोळशाचं केंद्र उभं करायला लोकांचा विरोध होता, धुरात गंधक असतं म्हणून. तर चिमणीतून बाहेर सोडायच्या आधी धूर पाण्यानं धुवून काढायचे. १९३० च्या दशकात! फक्त ते धुतलेलं पाणी परत थेम्समध्ये सोडत, म्हणजे हवेतलं वाचलं आणि नदीत गेलं.

१९७५ ला ए बंद, १९८३ ला बी बंद. मग जे झालं ते वाचताना मला दरवेळी त्रास होतो. थीम पार्क करायचा म्हणून छत काढलं, आतली यंत्रं काढून नेली, १९८९ ला पैसे संपले आणि काम थांबलं. त्यानंतर ही इमारत वीस वर्षांहून जास्त तशीच उघडी, पावसात. पोलादी सांगाडा गंजत होता. ८० सालापासून संरक्षित वारसा यादीत असलेली इमारत, आणि तिचं हे. दादाचे काही मित्र त्या काळात आत गेले होते, त्यांच्या फोटोत हॉलमध्ये गुडघ्याएवढं गवत आहे. शेवटी २०१२ ला मलेशियातल्या कंपन्यांच्या गटानं ४० कोटी पौंडांना विकत घेतली आणि १४ ऑक्टोबर २०२२ ला लोकांसाठी उघडली.

आता टर्बाइन हॉलमध्ये दुकानं आहेत. ए हॉल तीसच्या दशकातला, उभ्या पन्हळींचे खांब, खूप देखणा. बी हॉल पन्नाशीतला, रोखठोक, जास्त कारखान्यासारखा आणि मला तोच जवळचा वाटला. लोक शॉपिंगच्या पिशव्या घेऊन चालतायत ह्यात मला वाईट काही वाटलं नाही, खरंच नाही. इमारत उभी आहे हे मोठं आहे. पण मी मान वर करून क्रेनचे रूळ बघत होते आणि मागून येणारे मला धडकत होते.

कंट्रोल रूम ए खाजगी कार्यक्रमांना देतात, इटालियन संगमरवराच्या भिंती आहेत म्हणे, आत जाता आलं नाही. कंट्रोल रूम बी मात्र आता बार आहे आणि तिथं कोणीही जाऊ शकतं, त्यामुळे आम्ही दुपारीच गेलो, गर्दीच्या आधी. स्टेनलेस स्टीलचं डेस्क, त्याच्यावर ओळीनं मीटर आणि बटणं. लोक त्यावर कोपर टेकून बसले होते. मी सिंक्रोस्कोप शोधत होते. सिंक्रोस्कोप म्हणजे घड्याळासारखी गोल तबकडी आणि एकच काटा, तुमचं मशीन आणि बाहेरचं ग्रिड यांचा ताल जुळतोय का ते दाखवणारी. काटा गरागरा फिरत असेल तर ताल चुकलाय, हळू हळू फिरत बरोब्बर वर बारावर आला की त्या क्षणी ब्रेकर, म्हणजे मशीन ग्रिडला जोडणारा स्विच, टाकायचा. थोडं जरी चुकलं तरी मशीनला असा हिसका बसतो की शाफ्ट वाकू शकतो. बाबा बॉयलरवर असूनसुद्धा हा क्षण बघायला कंट्रोल रूमच्या काचेला नाक लावून उभे राहायचे, त्यांनीच सांगितलंय. मीटरांच्या गर्दीत काटा असलेल्या तबकड्या खूप होत्या, सगळे काटे झोपलेले, मी एकेकीखालची अक्षरं वाचत गेले आणि तेवढ्यात शेजारच्या मुलीनं विचारलं तू काय शोधतेयस, मग तिला हे सगळं सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. मला फार बरं वाटलं.

२० एप्रिल १९६४ ला इथंच आग लागली होती आणि लंडनच्या मोठ्या भागाची वीज गेली, नेमकं त्याच संध्याकाळी बीबीसीचं दुसरं चॅनल सुरू व्हायचं होतं, ते दुसऱ्या दिवसावर गेलं. अशा वेळी कंट्रोल रूममध्ये काय झालं असेल ते मी डेस्कसमोर उभी राहून डोळ्यासमोर आणत होते. फोन वाजतायत, शहराकडे वीज नेणारा एकेक फीडर पडतोय.

मग लिफ्ट. वायव्येच्या चिमणीत काचेची गोल लिफ्ट बसवलीय, ती १०९ मीटरवर चिमणीच्या तोंडातून बाहेर येते. खाली अंधार, दिवे, आणि एकदम आकाश. थेम्स, धक्का, क्रेन, सगळं पायाशी. पण एक गोष्ट माहीत असलेली बरी की ही चिमणी १९३० ची नाही. चारही चिमण्यांचं काँक्रीट आतून खराब झालं होतं, म्हणून त्या पाडून २०१४ ते २०१७ मध्ये पुन्हा तशाच बांधल्या. हे कळल्यावर दादा खट्टू झाला. मी नाही झाले. प्लँटमध्ये प्रत्येक गोष्ट कधी ना कधी बदललेलीच असते, ट्यूब बदलतात, ब्लेड बदलतात, बेअरिंग बदलतात, मग चिमणी का नाही.

रात्री फोन. "आज?" बॉयलर हाउस मधोमध होतं बाबा, दोन्ही टर्बाइन हॉलच्या मध्ये, त्याच्या वरच्या सहा मजल्यांवर ॲपलचं ऑफिस आहे. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उजेड चांगला येत असेल आता तिथं. आमच्याकडे दिवसा बॅटरी लागायची."

दिवस तिसरा, रविवार : पिमलिको, लॉट्स रोड, होबर्न

आज नुसती पायपीट. पिमलिकोमध्ये चर्चिल गार्डन्स ही वसाहत आहे, बॅटरसीच्या बरोब्बर समोर, नदीच्या या काठाला. तिथं काचेचा एक उंच मनोरा आहे आणि आत गरम पाण्याची टाकी. युद्धानंतर ही घरं बांधली तेव्हा बॅटरसीची वाया जाणारी उष्णता गरम पाण्याच्या रूपात थेम्सच्या खालून बोगद्यातल्या पाइपानं इथं आणली, घरं ऊबदार ठेवायला. केंद्र १९८३ ला बंद झालं तरी ही व्यवस्था थांबली नाही, आता पाणी दुसरीकडे तापवतात पण मनोरा आणि जाळं कामावर आहे. तीन दिवसांत बघितलेल्यापैकी ही एकच गोष्ट अजून आपलं काम करतेय आणि तिथं माझ्याशिवाय फोटो काढणारं कोणी नव्हतं. वाफेतली अर्ध्याहून जास्त उष्णता कंडेन्सरच्या पाण्याबरोबर नदीत जाते हे प्रत्येक प्लँटवाल्याला माहीत असतं आणि डाचत असतं. इथं कोणीतरी ते मनावर घेतलं.

चेल्सीत लॉट्स रोडचं केंद्र बाहेरून बघितलं. १९०५ पासून लंडनच्या भुयारी रेल्वेला वीज देत होतं, २००२ ला बंद झालं, आता घरं. इथं एका कुंपणापाशी दादा थांबला आणि फटीतून डोकावला, मी त्याच्या शर्टाला धरून ओढलं. बास.

संध्याकाळी होबर्न व्हायाडक्ट. १८८२ च्या जानेवारीत एडिसनच्या कंपनीनं इथं ५७ नंबरला वाफेवर वीज काढून रस्त्यावरचे दिवे लावले. न्यूयॉर्कचं पर्ल स्ट्रीट सगळे सांगतात, ते त्याच वर्षीच्या सप्टेंबरातलं. म्हणजे लोकांसाठी वीज करणारं कोळशाचं पहिलं केंद्र हे. चार वर्षांत तोट्यात जाऊन बंद पडलं. जागेवर बघण्यासारखं काहीच नाही, ऑफिसच्या इमारती. आम्ही रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत उभे राहिलो.

बाबांना सांगितलं, पहिलं केंद्र पण बघितलं. "तिथला बॉयलर?" नाही बाबा.

दिवस चौथा, सोमवार : रोम

दादाचा निरोप घेतला, सकाळचं विमान. रोमच्या वीजकेंद्राचं म्युझियम सोमवारी बंद असतं हे माहीत होतं म्हणून आज फक्त आजूबाजूला. मेट्रोच्या बी लाइनवर गार्बातेल्ला स्टेशनला उतरून वीया ओस्तिएन्से या रस्त्यावर आले. जुना औद्योगिक भाग, जवळच टायबर नदी. इथला मोठा गॅसोमीटर, म्हणजे पूर्वीची गॅस साठवायची टाकी, लांबूनच दिसतो, नुसता लोखंडी गोल पिंजरा, आतून आकाश दिसतं. अर्धा तास त्याच्याकडे बघत बसले होते. लंडनमध्ये सगळं घासूनपुसून ठेवलेलं, इथं गंज तसाच, आणि तो संध्याकाळच्या उन्हात अगदी तांब्यासारखा दिसतो.

दिवस पाचवा, मंगळवार : चेंत्राले मोंतेमार्तिनी

हे रोम शहराचं पहिलं सार्वजनिक वीजकेंद्र, १९१२ चं. जोव्हान्नी मोंतेमार्तिनी या नगरसभासदाचं नाव दिलंय. १९६३ ला बंद. मग १९९७ ला रोमच्या कॅपिटोलाइन म्युझियममध्ये दुरुस्ती निघाली, मूर्ती ठेवायच्या कुठं, तर तात्पुरत्या इथं आणून ठेवल्या, यंत्रांच्या मध्ये. लोकांना ते इतकं आवडलं की बऱ्याचशा राहिल्याच.

इंजिनांच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मी मोठ्यानं "आई गं" म्हणाले. दोन डिझेल इंजिनं, फ्रांको तोसी कंपनीची, १९३३ ची, प्रत्येकी ७५०० हॉर्सपॉवर. आगगाडीच्या डब्याएवढी, काळीभोर, वरून जिने आणि कठडे. आणि त्यांच्यासमोर ओळीनं पांढऱ्या संगमरवराचे देव, देवी, रोमन म्हातारे. एका मूर्तीचा दंड तुटलाय, आणि बरोब्बर तिच्या मागे इंजिनाचा जाडजूड नळ वळलाय. इथं कोणी यंत्रं काढून जागा केली नाही, यंत्रं आहेत तिथंच राहिली आणि पाहुणे मध्ये उभे राहिले. पाना ठेवायच्या खुंट्या, पितळी पाट्या, तेलाच्या कुप्या, सगळं आहे. डिझेल कशाला, तर गार बॉयलर पेटवून लोडवर यायला तास न् तास लागतात, डिझेल इंजिन मिनिटांत चालू होतं.

आणि मग पुढचा हॉल. सालं काल्डाइए असं काहीतरी मी पाटीवरचं पुटपुटले, गार्डनं हसून दुरुस्त केलं, साला काल्दाइए. बॉयलरचा हॉल.

बॉयलर होता.

तीन होते त्यातला एक ठेवलाय. पंधरा मीटरच्या वर उंच, विटांचा आणि लोखंडाचा उभा डोंगर, अंगावर पाइपच पाइप, मधल्या मधल्या उंचीवर चालायचे लोखंडी पूल. त्याच्यासमोर जमिनीवर रोमन काळातलं शिकारीचं भलंमोठं मोझेक पसरलंय, रानडुक्कर, घोडेस्वार. लोक वरून वाकून मोझेकचे फोटो काढत होते. मी मोझेककडे पाठ करून व्हिडिओ कॉल लावला.

बाबा काही बोलले नाहीत आधी. मग कामाला लागले. वर घे. अजून वर. ड्रम दिसतोय, थांब. आता खाली ये हळू. डावीकडे. तो व्हॉल्व्ह कसला, जवळ ने. प्रेशर गेजवर आकडे किती पर्यंत आहेत वाच. पीप होल शोध. पीप होल म्हणजे भट्टीतली ज्योत बघायचं बोटभर भोक, त्यावर झाकण असतं, निळी काच डोळ्याला लावून बघायचं, ज्योत पिवळीधमक पाहिजे, काळे लोळ दिसले की हवा कमी पडतेय. हे ते रोज, दर तासाला, अठ्ठावीस वर्षं बघत होते. राखेचा हॉपर कुठंय विचारलं, मी म्हटलं मला दिसत नाही, हा तेलावर चालायचा असणार. "मग राख नाही. क्लिंकर फोडायचं नाही." एवढं बोलून परत गप्प. क्लिंकर म्हणजे भट्टीत वितळून दगडासारखी झालेली राख. त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत क्लिंकरच्या ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग आहेत.

पाऊण तास चालला कॉल. गार्ड लांबून बघत होता, शेवटी जवळ आला, मी फोन त्याच्याकडे वळवून म्हटलं माझे वडील, बॉयलर, आणि हातानं भट्टीत बघायची खूण केली. त्याला कळलं. त्यानं बाबांना हात केला.

मी एकोणचाळीस फोटो पाठवले. रात्री एक फोटो परत आला. त्यावर त्यांनी बोटानं लाल बाण काढले होते, वेडेवाकडे, आणि अक्षरं टाइप करून लावलेली. ड्रम. सुपरहीटर. बर्नर. मधल्या एका पुलावर, अगदी भट्टीच्या तोंडासमोर, एक गोल काढला होता आणि लिहिलं होतं, इथे आम्ही. आणि वर उजव्या कोपऱ्यात एका जाड पाइपावर प्रश्नचिन्ह. खाली मेसेज, हा कुठे जातो ते फोटोत कळत नाही, मेन स्टीम असेल तर टर्बाइनकडे गेला पाहिजे.

दिवस सहावा, बुधवार

विमान संध्याकाळी होतं. सकाळी नऊला दार उघडलं तेव्हा मीच पहिली, गार्ड कालचाच. थेट बॉयलरपाशी गेले. पाइप वरून आडवा जातो, उजवीकडे वळतो, भिंतीपर्यंत पोचतो आणि तिथं कापलेला आहे. तोंडावर लोखंडी चकती वेल्ड करून बंद केलंय. फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "मेन स्टीमच आहे. वेल्डिंग चांगलं केलंय."